खंडोबाच्या उपासनेतील प्रतीके

खंडोबा हे महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील असंख्य घराण्यांचे कुलदैवत आहे. मल्हारी, मार्तंड, मार्तंडभैरव, म्हाळसाकांत आणि मैलार ही त्याची अन्य नावे होत. तेलंगणात मल्लण्णा या नावाने पूजिले जाणारे दैवत याच परंपरेशी निगडित मानले जाते. खंडोबाच्या उपासनेत भंडार उधळणे, तळी भरणे, दिवटी पाजळणे, जागरण घालणे, लंगर तोडणे आणि वारी मागणे असे अनेक विधी आहेत. या विधींमध्ये वापरल्या जाणाऱ्या हळद, खोबरे, बेल, दिवटी, कोटंबा, साखळी इत्यादी वस्तूंना तसेच कुत्रा, घोडा व वाघ या प्राण्यांना प्रतीकात्मक अर्थ आहेत. हे अर्थ पुराणकथा, लोकगीते आणि घराण्यांचे कुळाचार या तीन ठिकाणी जतन झालेले असून ते सर्वत्र एकसारखे नाहीत. परस्परविरोधी गोष्टींना एका दैवताभोवती एकत्र आणणे हे या प्रतीकव्यवस्थेचे ठळक वैशिष्ट्य आहे. शत्रू आणि भक्त, गाव आणि रान, शाकाहार आणि मांसाहार, राजा आणि सेवक ही त्याची काही उदाहरणे होत. त्याचबरोबर प्रतीकाचा अर्थ जिवंत व्यक्तीवर लादला गेल्यास काय घडते, हे मुरळीच्या प्रथेतून दिसून आले. त्यामुळे हा विषय धर्माभ्यासाइतकाच समाजसुधारणेच्या इतिहासाशीही संबंधित आहे.

## पार्श्वभूमी

### क्षेत्रे

परंपरेने खंडोबाची बारा प्रमुख स्थाने मानली जातात. त्यांपैकी सहा महाराष्ट्रात व सहा कर्नाटकात असल्याचे सांगितले जाते. मात्र यादीतील नावे प्रदेशपरत्वे बदलतात. महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील जेजुरी, सातारा जिल्ह्यातील पाली, धाराशिव जिल्ह्यातील अणदूर-नळदुर्ग आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगाव ही क्षेत्रे विशेष प्रसिद्ध आहेत. कर्नाटकात मंगसुळी, देवरगुड्ड आणि मैलार येथे मोठ्या यात्रा भरतात. जेजुरी येथे दोन मंदिरे आहेत. डोंगरावरील कडेपठार हे जुने स्थान मानले जाते, तर गावालगतच्या टेकडीवरील मंदिर ‘गड’ या नावाने ओळखले जाते. गडाच्या बांधकामात होळकर घराण्याचा मोठा वाटा आहे.

### मूळ कथा

‘मल्हारी माहात्म्य’ या संस्कृत ग्रंथात खंडोबाची कथा आली आहे. हा ग्रंथ स्वतःला ब्रह्मांडपुराणाचा भाग म्हणवतो. कथेनुसार मणी व मल्ल या दैत्य बंधूंनी मणिचूल पर्वतावरील ऋषींना त्रस्त केले. ऋषींच्या विनंतीवरून शंकराने मार्तंडभैरवाचे रूप धारण केले आणि सात कोटी गणांचे सैन्य घेऊन दैत्यांशी युद्ध केले. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत हे युद्ध चालले, अशी श्रद्धा आहे.

पराभूत मणीला पश्चात्ताप झाला. त्याने आपला पांढरा घोडा देवाला अर्पण केला आणि देवाच्या सान्निध्यात राहण्याचा वर मागितला. मल्लाच्या बाबतीत कथेचे पाठ भिन्न आहेत. काही पाठांत त्याचा वध होतो व त्याचे मस्तक मंदिराच्या पायरीशी येते. अन्य पाठांत तोही देवाच्या नावाशी आपले नाव जोडले जावे असा वर मिळवतो. ‘मल्हारी’ हे नाव ‘मल्ल’ आणि ‘अरी’ म्हणजे शत्रू या शब्दांपासून बनल्याचे परंपरा सांगते.

उपासनेतील बऱ्याच प्रतीकांचे मूळ या कथेत शोधले जाते. दैत्याचा संपूर्ण नाश हा येथे कथेचा शेवट नाही. शत्रूचा घोडा देवाचे वाहन होतो, शत्रूचे नाव देवाचे नाव होते आणि शत्रू स्वतः पूजेचा अधिकारी ठरतो.

## दैवताची रूपे

खंडोबाची उपासना लिंग, मूर्ती आणि टाक अशा तिन्ही रूपांत होते. अनेक क्षेत्रांत खंडोबा व म्हाळसा यांची जोडलिंगे पूजिली जातात. मूर्तीत देव चतुर्भुज असून त्याच्या हातांत खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि पानपात्र असते. पानपात्रात भंडार असतो. अश्वारूढ रूपात पुढे किंवा मागे म्हाळसा बसलेली असते, तर घोड्याजवळ कुत्रा दाखविलेला असतो. देवघरात ठेवला जाणारा टाक हा चांदीचा वा अन्य धातूचा लहान पत्रा असून त्यावर हीच अश्वारूढ प्रतिमा ठसविलेली असते. घराण्याच्या देव्हाऱ्यातील टाक हे कुळाच्या सातत्याचेही चिन्ह मानले जाते.

त्रिशूळ व डमरू ही शिवाची लक्षणे आहेत. खड्ग आणि घोडा ही योद्ध्याची व राजाची लक्षणे होत. ‘मार्तंड’ या शब्दाचा अर्थ सूर्य असा आहे. रविवार हा खंडोबाचा वार मानला जातो आणि हळदीचा पिवळा रंगही सूर्यतेजाशी जोडला जातो. यामुळे शैव, वीर आणि सौर अशा तीन परंपरा या दैवतात एकवटल्याचे अभ्यासक मानतात. कुत्र्याचा संबंध भैरवाशी आहे. त्याचबरोबर तो मेंढपाळाचा व शिकाऱ्याचा सोबतीही आहे.

## भंडार

हळदीच्या पुडीला खंडोबाच्या उपासनेत ‘भंडार’ किंवा ‘भंडारा’ असे म्हणतात. देवाच्या मूर्तीवर, पालखीवर आणि एकमेकांवर भंडार व खोबऱ्याचे तुकडे उधळण्याची प्रथा आहे. उत्सवकाळात जेजुरीचा गड, त्याच्या पायऱ्या व दीपमाळा पिवळ्या होतात. ‘सोन्याची जेजुरी’ ही शब्दयोजना या दृश्यावरूनच रूढ झाली आहे.

भंडाराचे अर्थ अनेक पातळ्यांवर सांगितले जातात:

- सुवर्ण व समृद्धी: ‘भांडार’ म्हणजे कोठार या शब्दाशी भंडाराचा संबंध जोडला जातो. भंडार उधळणे म्हणजे देवाच्या कोठारातील सोने सर्वांना वाटणे, असा अर्थ भाविक करतात.
- सूर्यतेज: मार्तंड या नावामुळे पिवळा रंग सूर्याचे द्योतक मानला जातो.
- मांगल्य: हळद ही विवाहातील मंगल वस्तू आहे. देवाच्या लग्नाचे विधी उपासनेत वारंवार येत असल्याने भंडार हे लग्नातील हळदीचेही स्मरण ठरते.
- देवाचे सान्निध्य: भंडार हा केवळ प्रसाद नसून देवाचे रूप आहे, अशी श्रद्धा आहे. कपाळी भंडार लावणे हे देवाच्या संरक्षणाखाली येण्याचे चिन्ह होय.

उधळलेला भंडार अंगावर घेताना जात, वय वा प्रतिष्ठा यांचा भेद राहत नाही, हे या विधीचे सामाजिक अंग अनेक लेखकांनी नोंदविले आहे. तथापि गावोगावच्या मंदिरांतील मानपान, पालखीतील स्थान आणि पूजेचे हक्क यांमध्ये परंपरेने जातिनिहाय वाटणी होती. त्यामुळे भंडाराने व्यक्त होणारी समता ही उत्सवाच्या क्षणापुरती होती की त्यापलीकडे जाणारी होती, हा प्रश्न उपस्थित होतो.

## बेलभंडार

बेल हे शिवाचे पत्र आणि भंडार ही खंडोबाची खूण. या दोन्ही वस्तू एकत्र हातात घेऊन शपथ घेण्यास ‘बेलभंडार उचलणे’ असे म्हणतात. गावातील तंटे मिटविताना, करार करताना व राजकीय वचने देताना मराठा काळात बेलभंडाराचा उपयोग होत असे. लेखी कागदापेक्षा देवाच्या साक्षीने दिलेला शब्द अधिक बंधनकारक मानला जाई. बेलभंडार उचलून खोटे बोलणाऱ्यास देवाचा कोप सहन करावा लागतो, या श्रद्धेवर या शपथेचे बळ अवलंबून होते. मराठीत हा शब्दप्रयोग आजही ‘निर्वाणीची शपथ’ या अर्थाने आढळतो.

## तळी भरणे

तळी भरणे हा खंडोबाच्या कुळाचारातील मुख्य विधी आहे. चंपाषष्ठी, विवाह व अन्य मंगलप्रसंगी तो केला जातो. ताम्हणात विड्याची पाने, सुपारी, नाणी, भंडार आणि खोबरे ठेवतात. पाच किंवा विषम संख्येतील पुरुष ताम्हणाला हात लावून ते देवाचा जयघोष करीत तीन वेळा उचलतात. त्यानंतर भंडार लावला जातो व खोबऱ्याचा प्रसाद वाटतात.

या प्रसंगी ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ आणि ‘सदानंदाचा येळकोट’ हे घोष केले जातात. ‘येळकोट’ हा शब्द कन्नडमधील ‘एळु कोटि’ म्हणजे सात कोटी या शब्दांवरून आल्याचे सामान्यतः मानले जाते. मार्तंडभैरवाच्या सात कोटी सैन्याशी त्याचा संबंध जोडतात. या अर्थाने तळी उचलणारे लोक स्वतःला त्या सैन्याचा भाग म्हणून घोषित करतात. ताम्हण एकट्याने न उचलता अनेकांनी मिळून उचलणे यालाही महत्त्व आहे. भाऊबंद, शेजारी किंवा वाघे एकत्र आल्याशिवाय हा विधी पूर्ण होत नाही; त्यामुळे तळी ही कुळाच्या व गावाच्या एकोप्याची खूण ठरते. मराठी घरात कन्नड मुळाचा जयघोष होणे हे या दैवताच्या द्विभाषिक परंपरेचेही निदर्शक आहे. ‘तळी उचलणे’ हा वाक्प्रचार मराठीत ‘एखाद्याची बाजू घेणे’ या अर्थानेही रूढ आहे.

### दिवटी आणि बुधली

तळीच्या वेळी दिवटी पाजळली जाते. दिवटी ही धातूची लहान मशाल असून तिच्यात कापडाची वात असते; बुधली हे तिला तेल घालण्याचे पात्र होय. रात्रीच्या मोहिमेत वा शिकारीत राजापुढे मशाल चालते, त्याप्रमाणे देवापुढे दिवटी असते, असा अर्थ सांगितला जातो. काही घराण्यांत विधीच्या अखेरीस दिवटी फुंकून न विझविता दुधाने शांत करतात. लग्नानंतर वेगळ्या राहणाऱ्या मुलाच्या घरी स्वतंत्र दिवटी-बुधली असणे हे नवे घर कुळाचारात सामील झाल्याचे चिन्ह समजले जाते.

## चंपाषष्ठी आणि नैवेद्य

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा ते षष्ठी या काळात खंडोबाचे षड्रात्र पाळले जाते. देव्हाऱ्यात घट बसवून नंदादीप लावतात आणि रोज फुलांची माळ वाहतात. सहा दिवस हे युद्धाचे दिवस मानले जातात, तर सहावा दिवस म्हणजे चंपाषष्ठी हा विजयाचा दिवस होय.

चंपाषष्ठीच्या नैवेद्यात वांग्याचे भरीत, बाजरीचा रोडगा, पातीचा कांदा व लसूण असतो. काही ठिकाणी जोंधळे शिजवून केलेला ठोंबराही असतो. चातुर्मासात कांदा, लसूण व वांगी वर्ज्य करणाऱ्या अनेक घरांत चंपाषष्ठीला देवाला नैवेद्य दाखवूनच ती पुन्हा खाण्यास सुरुवात होते. यावरून या तिथीला ‘वांगेसट’ असेही म्हणतात. बाजरी व जोंधळा ही कोरडवाहू शेतीची पिके आहेत, आणि वांगी व कांदा हे ब्राह्मणी व्रतांत निषिद्ध मानलेले पदार्थ आहेत. त्यामुळे हा नैवेद्य शेतकऱ्याच्या व मेंढपाळाच्या रोजच्या ताटाला देवाच्या ताटाचा मान देतो. नैवेद्यातील भाग कुत्र्यालाही घातला जातो.

खंडोबाला शाकाहारी नैवेद्य दाखविला जातो. परंतु अनेक समाजांत नवस फेडताना बोकडाचा बळी देण्याची प्रथाही आहे. हा बळी देवाला नसून मणीला दिला जातो, असे स्पष्टीकरण भाविक देतात. परिणामी शाकाहारी व मांसाहारी असे दोन्ही आचार एकाच क्षेत्रात, एकाच कथेच्या आधारे नांदू शकतात.

## म्हाळसा आणि बाणाई

खंडोबाच्या दोन पत्नी प्रमुख मानल्या जातात. म्हाळसा ही नेवासे येथील लिंगायत वाणी समाजातील तिमशेटची कन्या असून तिचा खंडोबाशी विवाह पौष पौर्णिमेला पाली येथे झाला, अशी कथा आहे. पालीच्या यात्रेत हा विवाह दरवर्षी साजरा होतो. बाणाई किंवा बानू ही धनगर समाजातील आहे. सारीपाटाच्या खेळात म्हाळसेकडून हरल्यामुळे खंडोबा घर सोडून गेला, बाणाईच्या वाड्यावर चाकर म्हणून राहिला, त्याने मेंढ्या राखल्या आणि अखेरीस तिच्याशी विवाह केला, असे लोककथा सांगते. या कथेचा संबंध नाशिक जिल्ह्यातील चंदनपुरीशी जोडला जातो. पुराणपरंपरेत म्हाळसेला पार्वतीचे आणि बाणाईला गंगेचे रूप मानतात.

जेजुरीच्या रचनेत ही कथा दगडात उभी राहिलेली दिसते. म्हाळसा देवासोबत गडावर आहे, तर बाणाईचे मंदिर गडाच्या चढणीवर अर्ध्या वाटेत आहे. सवतींच्या भांडणामुळे देवाने दोघींसाठी वेगळी स्थाने नेमली, असे गाण्यांत सांगतात. गुंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने या जोडीकडे वसती आणि रान यांच्या संबंधांचे रूप म्हणून पाहिले. म्हाळसा ही व्यापार, शेती व स्थिर गृहस्थी यांची प्रतिनिधी, तर बाणाई ही कुरणे, कळप व भटके जीवन यांची प्रतिनिधी ठरते. दख्खनच्या कोरड्या प्रदेशात शेतकरी आणि धनगर एकमेकांवर अवलंबून होते: शेताला मेंढ्यांचे खत हवे असे आणि कळपाला पीक निघाल्यावरचे रान हवे असे. दोघींमध्ये विभागला गेलेला देव हे या परस्परावलंबनाचे आणि त्यातील तणावाचेही चित्र आहे.

याशिवाय रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चांदाई बागवानीण अशा अन्य पत्नींची नावे लोकपरंपरेत येतात. निरनिराळे समाज देवाशी सासरचे नाते सांगतात, हा त्याचा आशय होय. काही गीतांत खंडोबाला मल्लूखान असे म्हटले आहे आणि जेजुरीत देवाच्या घोड्यांची सेवा परंपरेने मुस्लिम कुटुंबाकडे असल्याची नोंद अभ्यासकांनी केली आहे.

नवविवाहित जोडप्याने जेजुरीस जाऊन दर्शन घेण्याची पद्धत अनेक घराण्यांत आहे. वराने वधूला उचलून काही पायऱ्या चढण्याची प्रथा लोकप्रिय असून ती म्हाळसेला घोड्यावर घेणाऱ्या देवाच्या अनुकरणाशी जोडली जाते.

## वाघ्या

खंडोबाच्या सेवेस वाहिलेल्या पुरुषास वाघ्या म्हणतात. त्याच्याजवळ भंडाराची चामड्याची पिशवी, कोटंबा नावाचे भिक्षापात्र आणि गळ्यात गाठा असतो. ही पिशवी पूर्वी वाघाच्या कातड्याची असे. ‘वाघ्या’ या नावाचा संबंध वाघाशी आहे. देवाच्या दर्शनाने रानातील वाघ माणसे झाली, अशी कथा कर्नाटकात आढळते. कुळाचार म्हणून रविवारी वा सणाला वारी मागणारा तो घरवाघ्या, आणि भिक्षेवर उपजीविका करणारा तो दारवाघ्या, असे भेद केले जातात.

विशिष्ट विधीत वाघे कुत्र्याप्रमाणे भुंकतात, कोटंब्यातील अन्न हात न लावता तोंडाने खातात किंवा त्यासाठी आपसांत झटापट करतात. वरकरणी विचित्र भासणाऱ्या या आचरणामागे स्वामिभक्तीची कल्पना आहे. कुत्रा धन्याला सोडत नाही, मिळेल ते खातो आणि राखण करतो. भक्ताने देवाचा कुत्रा व्हावे, असा त्याचा अर्थ लावला जातो. वाघ हा रानाचा राजा आणि कुत्रा हा दाराचा राखणदार. वाघ्याच्या ठिकाणी ही दोन्ही रूपे एकत्र येतात: जो हिंस्र होता, तो देवाच्या दारी सेवक झाला. मणीच्या कथेतील परिवर्तनाचीच ही पुनरावृत्ती होय.

वारी मागण्याच्या प्रथेत सुस्थितीतील गृहस्थही कोटंबा घेऊन पाच घरी भिक्षा मागतो. श्रीमंतीचा अभिमान काही काळ बाजूला ठेवणे हा तिचा हेतू सांगितला जातो.

## जागरण आणि लंगर

जागरण हे खंडोबाच्या नावाने रात्रभर चालणारे विधिनाट्य आहे. विवाहानंतर किंवा नवस फेडण्यासाठी ते घातले जाते. धान्याचा चौक मांडून त्यावर कलश ठेवतात आणि उसाचा किंवा ताटांचा मांडव करतात. दिमडी, तुणतुणे व घाटी यांच्या साथीने वाघ्या-मुरळी देवाची कथा, म्हाळसा-बाणाईचा संवाद आणि विनोदी प्रसंग सादर करतात. प्रारंभी निरनिराळ्या क्षेत्रांतील देवांना जागरणाला येण्याचे आवाहन केले जाते. त्यामुळे अंगणातील लहानसा चौक त्या रात्रीपुरता साऱ्या क्षेत्रांचा नकाशा बनतो.

लंगर म्हणजे लोखंडी साखळी. जागरणाच्या अखेरीस किंवा यात्रेत ती देवासमोर ओढून तोडली जाते. साखळी तुटणे हे नवसाचे ऋण फिटल्याचे, संकट सुटल्याचे आणि देव प्रसन्न असल्याचे लक्षण मानतात. ती सहज न तुटल्यास सेवेत काही उणीव राहिल्याचे समजले जाते.

## सोमवती अमावास्या आणि दसरा

सोमवारी येणाऱ्या अमावास्येला जेजुरीत मोठी यात्रा भरते. देवाच्या उत्सवमूर्ती पालखीतून गडावरून कऱ्हा नदीवर नेतात व त्यांना स्नान घालतात. वार आणि तिथी यांचा हा योग विशेष सामर्थ्याचा मानला जातो. अमेरिकन अभ्यासक जॉन स्टॅन्ली यांनी या यात्रेचा अभ्यास करून अशा काळात देवाची शक्ती पाण्यात, भंडारात आणि माणसांत प्रवाहित होते, या भाविकांच्या धारणेचे विश्लेषण केले आहे. एरवी भक्ताला गड चढून देवाकडे जावे लागते. या दिवशी देव गड उतरून खाली येतो.

दसऱ्याच्या रात्री गडाची आणि कडेपठाराची पालखी डोंगरातील रमणा येथे एकमेकींना भेटतात. नव्या व जुन्या स्थानांतील देव एकच असल्याचे या भेटीने दरवर्षी अधोरेखित होते. त्यानंतर देवाचा जड खंडा उचलण्याची आणि तोलून धरण्याची स्पर्धा होते. तिच्यात शारीरिक बळ हेच सेवेचे रूप घेते. माघ पौर्णिमेच्या यात्रेत संगमनेर व सुपे येथील मानाच्या शिखरी काठ्या गडावर नेल्या जातात. मंदिराच्या कळसाला काठी टेकविणे हे त्या त्या गावाचा देवाशी असलेला संबंध ताजा झाल्याचे चिन्ह होय.

## मुरळीची प्रथा आणि सुधारणा

खंडोबाला वाहिलेल्या स्त्रीस मुरळी म्हणत. अपत्यप्राप्तीसाठी केलेल्या नवसामुळे किंवा संकटनिवारणासाठी आईवडील मुलीला लहानपणीच देवाला वाहत. भंडार लावून आणि गळ्यात कवड्यांचा गाठा बांधून तिचे देवाशी लग्न लावले जाई. त्यानंतर तिला अन्य पुरुषाशी विवाह करता येत नसे.

देवाशी विवाह ही कल्पना भक्तिपरंपरेत सर्वस्व अर्पण करण्याचे रूपक म्हणून आढळते. मुरळीच्या प्रथेत मात्र या रूपकाचा भार संमती देण्याच्या वयाची नसलेल्या मुलीवर पडत असे. नवस पालकांचा असे, फळ कुटुंबाला मिळे आणि त्याची किंमत मुलगी आयुष्यभर देत असे. अनेक मुरळ्यांच्या वाट्याला दारिद्र्य आणि लैंगिक शोषण आले. वाहिल्या जाणाऱ्या मुलींमध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या व अन्य वंचित जातींतील मुलींचे प्रमाण मोठे होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी शिवराम जानबा कांबळे यांनी ‘सोमवंशीय मित्र’ या आपल्या मासिकातून मुरळी सोडण्याच्या प्रथेविरुद्ध जागृती केली. विठ्ठल रामजी शिंदे यांनीही या प्रथेविरुद्ध काम केले. मुंबई प्रांतात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला. पुढे महाराष्ट्र देवदासी पद्धती (निर्मूलन) अधिनियम, २००५ नुसार देवाला मुली वाहणे हा दंडनीय गुन्हा ठरला. आज जागरणात मुरळीची भूमिका करणाऱ्या स्त्रिया बहुधा कलावंत म्हणून काम करतात. वाहिलेली मुरळी आणि जागरणातील कलावंत यांत फरक करणे आवश्यक आहे.

देहदंडाचे काही विधीही काळाच्या ओघात बंद पडले किंवा बदलले. पाठीत गळ टोचून घेऊन टांगून घेण्याची जेजुरीतील प्रथा एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश शासनाने बंद केली. विधी थांबला तरी त्यातील भाव अन्य रूपांत टिकू शकतो, हे अशा बदलांतून दिसते. चामड्याची पिशवी वाघाऐवजी अन्य प्राण्याच्या कातड्याची झाली, तरी वाघ्याचे वाघपण संपले नाही.

## शेजारच्या प्रदेशांतील रूपे

कर्नाटकातील मैलार येथे वाघ्यांशी साम्य असलेले गोरवय्य हे सेवक आहेत. ते काळी घोंगडी पांघरतात आणि अस्वलाच्या केसांची टोपी घालतात. मैलारच्या यात्रेत गोरवय्य उंच धनुष्यावर चढून एक लहान, गूढ वाक्य उच्चारतो. त्यास ‘कारणिक’ म्हणतात. पाऊस, पीक व राजकारण यांविषयीचे भाकीत म्हणून लोक त्याचा अर्थ लावतात. तेथे देवाची पत्नी गंगिमाळव्वा ही असून कुरुब या मेंढपाळ समाजाचा या उपासनेत मोठा सहभाग आहे.

तेलंगणातील कोमुरवेल्ली येथील मल्लण्णालाही दोन पत्नी आहेत. मेडलम्मा लिंगायत समाजातील, तर केतम्मा गोल्ल या पशुपालक समाजातील मानली जाते. म्हाळसा आणि बाणाई यांच्याशी हे साम्य स्पष्ट आहे. तेथे रंगीत पुडींनी ‘पट्नम’ नावाची आकृती रेखाटून ओग्गु कथाकार देवाची कथा गातात. गोव्यात म्हार्दोळ येथील महालसा नारायणी ही विष्णूच्या मोहिनी रूपाशी जोडली जाते. तिचा संबंधही नेवाशाशी सांगितला जातो; परंतु तिची उपासना खंडोबाच्या उपासनेपासून स्वतंत्र आहे.

## अर्थविषयक भूमिका

खंडोबाच्या प्रतीकांचा अर्थ लावण्याच्या तीन प्रमुख दिशा दिसतात. पहिली पौराणिक असून ती प्रत्येक विधीला मणी-मल्ल युद्धातील प्रसंगाशी जोडते. दुसरी ऐतिहासिक व लोकसांस्कृतिक आहे. रा. चिं. ढेरे यांनी खंडोबा, मैलार व मल्लण्णा यांच्या परंपरांचा तौलनिक अभ्यास केला, तर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या व कथा यांच्या आधारे पशुपालक जीवनाचा संदर्भ पुढे आणला. तिसरी दिशा धर्मांतर व परिवर्तनाच्या कल्पनेवर भर देते. स्टॅन्ली यांनी मणीच्या शरणागतीचा विचार या अंगाने केला आहे.

या दिशा परस्परांना छेद देणाऱ्या नाहीत. भंडार हे पुराणवाचकासाठी मार्तंडाचे तेज, धनगरासाठी कळपाच्या देवाची खूण आणि नवविवाहितांसाठी लग्नाची हळद एकाच वेळी असू शकते. विधी सर्वांनी मिळून करावयाचा असतो. अर्थावर मात्र एकमत असावे लागत नाही. निरनिराळ्या जाती, भाषा व आहारपद्धतींचे लोक या एका उपासनेत शतकानुशतके सहभागी होऊ शकले, याचे हे एक महत्त्वाचे कारण मानता येईल.

## साहित्य व माध्यमे

खंडोबाच्या उपासनेचे चित्रण लोकगीते, लावणी, शाहिरी, नाटके आणि चित्रपट यांत झाले आहे. अरुण कोलटकर यांचा ‘जेजुरी’ हा इंग्रजी काव्यसंग्रह १९७६ साली प्रसिद्ध झाला व त्यास १९७७ साली राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. या संग्रहात श्रद्धा आणि संशय यांच्या सीमेवरून जेजुरीकडे पाहिले आहे. २०१४ ते २०१७ या काळात झी मराठी वाहिनीवर प्रसारित झालेल्या ‘जय मल्हार’ या मालिकेमुळे म्हाळसा-बाणाईची कथा नव्या पिढीच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचली.